मोठ्या काट्याचा मान

एक होता राजा. नाव धोंडराजा, आणि डोकंही तसंच. गप ऐका, मध्ये बोलाल तर गोष्ट बंद.

त्याची एकुलती एक लेक सगुणा. ती जन्मली तेव्हा एक जोगीण सांगून गेली होती, "हिच्या लग्नात भलत्या वेळी अक्षता पडल्या तर हिला पिसं फुटतील. आणि खरा मुहूर्त हुकला, तर पोर साळुंकी होऊन उडून जाईल."

मग लग्न ठरलं. मुहूर्त दुपारी तीनचा. आजवर त्या गावात भोकाची वाटी पाण्यात सोडायचे, ती बुडाली की झाली एक घटका. पण राजाला हौस! त्यानं मांडवात घड्याळ टांगलं. ते वाचता येतंय कुणाला? एक काटा लांब, एक आखूड. राजा म्हणाला, "घरात मान कुणाचा? मोठ्याचा. मोठा काटा दाखवील तेवढे वाजले!"

तेवढ्यात मोठा काटा तीनवर आला. राजा ओरडला, "तीन वाजले! टाका अक्षता!" नवरदेव अजून अंघोळीला, तरी लोकांनी टाकल्या. मग काय? सगुणेच्या हातांना पिसं!

काटा फिरून पुन्हा तीनवर. पुन्हा अक्षता. मानेला पिसं.

मग तिसऱ्यांदा. आता तर सगुणा पाटावरून वीतभर वर उचलली गेली, बरं का! राणीनं पाय धरून खाली ओढली.

सगुणा भडकली. "बाबा, एका दुपारी तीनदा तीन वाजतात होय?"

"मोठा सांगतोय ना!"

"मोठा नुसता पळतोय. मी बसल्या बसल्या तेच बघतेय. तो साठ रेघा पळाला, साठ मिनिटं झाली, की धाकटा एक घर सरकतो. मघा धाकटा बारापाशी होता, मग एकापाशी, आता दोनापाशी. तास सांगतो धाकटा. वरची मिनिटं सांगतो मोठा. आत्ता दोन वाजून पंधरा मिनिटं झालीत."

"मोठा असताना धाकट्याला विचारायचं? आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही!"

"आणि साळुंकी झाली होती का कधी घराण्यात?" राणी म्हणाली.

राजा घड्याळाकडे बघत बसला.

मग मोठा काटा निघाला, तो चढत चढत बारावर आला. धाकटा नेमका तीनवर. नवरदेवही धापा टाकत पाटावर आला. सवयीनं राजाचं तोंड उघडलं, "बारा वा..." आणि त्यानं लेकीकडे पाहिलं. सगळी पिसंच. डोळे तेवढे लेकीचे.

राजानं जन्मात पहिल्यांदा धाकट्याचं ऐकलं. "तीन! तीन वाजले! टाका अक्षता!"

अक्षता पडल्या आणि पिसं झडली. इतकी झडली, की भटजी शिंकून बेजार, आणि लोकांनी जिलबीवरची पिसं फुंकून फुंकून जेवण केलं. पण कुणी कुरकुरलं नाही.

सगुणा सुखात नांदली. राजा सुधारला, थोडासा.

चला, पाय गोधडीत घ्या. आता धाकटा नऊवर, मोठा बारावर. सांगा बघू, किती वाजले?

झोपली वाटतं मेली. बरं झालं.