धुराड्यावरची काच

कापसाच्या पेठेचे एक गाव होते, आणि त्या गावाला एकदा एक सरळ स्वभावाची नगराध्यक्षा लाभली. नाव हेमलता. सरळ माणसाला खुर्ची मिळाली की पुढे काय होते, हे तुम्ही आम्ही जाणतोच. वर्ष उलटायच्या आत धर्मसंकट दारात येऊन बसते.

गावाच्या मधोमध सरकी काढण्याची शंभर वर्षांपूर्वीची गिरणी होती. यंत्रे केव्हाच थंडावली होती. उरले होते ते विटांचे उंच धुराडे. परगावाहून येणारा माणूस दोन कोसांवरून ते पाही आणि एसटीतच पिशव्या आवरू लागे. गिरणी नगरपालिकेच्या मालकीची, म्हणजे अर्थातच कुणाच्याही देखरेखीखाली नव्हती. त्या धुराड्याच्या बुंध्याशी ऐन वैशाखात भेग दिसली. तिच्यात करंगळी सहज जात होती.

धुराड्याच्या सावलीत जुन्या कामगारांची चाळीस बिऱ्हाडे राहत. हेमलताने त्याच संध्याकाळी ती सगळी जवळच्याच पालिकेच्या शाळेत हलवली. दुसऱ्या दिवशी गावातला एक मोठा व्यापारी कचेरीत आला. अगदी मृदू आवाजात म्हणाला, “बाई, धुराडं मी माझ्या खर्चानं उतरवतो. मोकळी जागा बाजारासाठी मला द्या. गिरणीचा एक छान फोटो प्रवेशद्वारावर लावू.” नगरसेवकांनी माना डोलावल्या. पंधराव्या दिवशी विशेष सभा ठरली.

हेमलताचा जीव टांगणीला लागला. पाडावे तर गावाची ओळख आपल्या सहीने जाते. ठेवावे आणि उद्या ते चाळीस बिऱ्हाडांवर कोसळले तर? धरले तर चावते, सोडले तर पळते. तिला जेवण जाईना. शेवटी ती रंगनाथ आबांकडे गेली. आबा पालिकेचे निवृत्त ओव्हरसिअर. राजकारणात येण्यापूर्वी हेमलताने त्यांच्या हाताखाली चार वर्षे कनिष्ठ अभियंता म्हणून काम केले होते. जमीन कशी वाचायची, हे ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

आबा आले. धुराड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, खिशातून काचेच्या चार पातळ पट्ट्या काढल्या आणि भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोके सिमेंटने पक्की केली. वर तारीख लिहिली.

“याने काय होणार, आबा?”

“भेग जुनी असेल तर काच शाबूत राहील. अजून हलत असेल तर तडकेल. काचेला ना कुणाची भीड, ना कुणाची भीती.”

तिसऱ्या दिवशी सकाळी चारही काचा तडकलेल्या होत्या.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. व्यापाऱ्याने पाडकामाचे यंत्र मागवण्याची परवानगी मागितली. हेमलता धुराड्यासमोर उभी होती. ती म्हणाली, “आबा, आता पाडण्यावाचून गत्यंतर नाही.”

आबांनी शांतपणे नव्या चार काचा बसवल्या आणि म्हणाले, “हेमा, गिरणीभोवतीच्या या पेठेचं पाणी तीन दिवस बंद कर.”

तिला वाटले, म्हाताऱ्याला ऊन लागले. “भर वैशाखात पाणी बंद करू? लोक मला जिवंत ठेवतील का? आणि धुराड्याचा नि नळाचा काय संबंध?”

“आत्ता सांगितलं तर तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवशील. मला तो नको. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ.”

शेवटी हेमलताने पेठेचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितले आणि टँकर लावले. टँकर कधी पुरले आहेत का? दुसऱ्या दिवशी बायका रिकामे हंडे घेऊन कचेरीवर आल्या. त्यातली एक शाळेत हलवलेल्या बिऱ्हाडातली होती. ती म्हणाली, “घर काढून घेतलंत, आता पाणी पण काढून घेतलंत. पुढं काय काढणार ते आजच सांगा, म्हणजे तयारीत राहतो.” हेमलताला लाज वाटली, आणि तिने ती लपवली नाही. “दोन दिवस द्या मावशी,” एवढेच ती म्हणाली. तिकडे नगरसेवकांनी अविश्वास ठरावाच्या कागदावर सह्या गोळा करायला सुरुवात केली.

तीन दिवस गेले. काचा शाबूत होत्या.

आबांनी पाणी सोडायला सांगितले. दुसऱ्या सकाळी हेमलता एकटीच धुराड्यापाशी गेली. चारांपैकी तीन काचा तडकल्या होत्या. ती तिथेच गिरणीच्या पायरीवर बसली. मनात हिशेब जुळत होता, आणि तो जुळू नये असे तिला फार वाटत होते. धुराड्याला लागूनच नवा काँक्रीटचा रस्ता होता, त्याखाली पालिकेची नवी जलवाहिनी. गेल्या वर्षी या दोन्ही कामांचा नारळ तिनेच फोडला होता.

तिने स्वतः उभे राहून रस्ता फोडून घेतला. पाच फुटांवर पाइपचा सांधा सुटलेला सापडला. भोवतालची काळी माती फुगून लोण्यासारखी मऊ झाली होती. खड्ड्याच्या काठावर नगरसेवक जमले, व्यापारीही आला. आबाही येऊन उभे राहिले.

तेव्हा आबा बोलले. “आपली जमीन काळी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. गिरणी बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पावसाचं पाणी बुंध्यापासून लांब नेणारे चर काढले होते. ते आपण रस्त्यासाठी बुजवले, आणि वर पाइप गळू दिला. मग भेग दिसल्यावर म्हणालो, धुराडं म्हातारं झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी. जुन्या वास्तूचं आपण दोनच प्रकारे करतो: आरती करतो, नाहीतर पाडतो. दोन्हीत तिच्याकडे बघावं लागत नाही. पालिकेनं फक्त बघावं. गटार तुंबलं का, पाइप गळतो का, छपरावर पिंपळ उगवला का. एवढं केलं तर वास्तू आपली आपण उभी राहते. पण हे बघायला बसलं की पुष्कळदा आपलाच हात सापडतो, म्हणून कुणी बघत नाही.”

हेमलता खड्ड्याकडे पाहत होती. आबांनी आधीच कारण सांगितले असते, तर आपण सांधा गुपचूप बदलून घेतला असता, हे तिला कळले. आबांनाही ते कळत होते.

सभा भरली. सांधा बदलला होता, चर पुन्हा खणले होते, आणि बुंध्याला आधार देऊन भेग भरण्याचे काम सुरू झाले होते. दोन आठवड्यांपूर्वी पाडायला निघालेले सभागृह आता एकदम वारसाप्रेमी झाले होते. लिपिकाने ठरावाचा मसुदा वाचला: “गावाच्या गौरवशाली औद्योगिक वारशाचे जतन करण्याच्या उदात्त हेतूने...”

“थांबा,” हेमलता म्हणाली. “मी सांगते तसं लिहा. नगरपालिकेच्या जलवाहिनीच्या गळतीमुळे गिरणीच्या धुराड्यास भेग पडली. सदर जलवाहिनीच्या व रस्त्याच्या कामाचे उद्घाटन विद्यमान अध्यक्षांच्या हस्ते झाले होते. सबब धुराडे पाडण्यात येऊ नये, आणि त्याची पाहणी दर महिन्याला पालिकेने करावी.”

सभागृहात कुजबुज झाली. एक ज्येष्ठ नगरसेवक पुढे वाकून हलकेच म्हणाले, “बाई, हा ठराव नव्हे, कबुलीजबाब झाला. अविश्वासाचा कागद आमच्या खिशात तयार आहे. ही ओळ गेली तर तो खिशातच राहील.”

हेमलताने मागच्या बाकावर पाहिले. आबा तिथे नव्हते. सभेला ते आलेच नव्हते. तिने लिपिकाकडून पेन घेतले.

“ओळ राहील,” ती म्हणाली, आणि सही केली.

पुढच्या महिन्यात तिची खुर्ची गेली. चाळीस बिऱ्हाडे धुराड्याखालच्या आपल्या घरी परतली. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अध्यक्ष कुणीही असो, पालिकेचा एक माणूस बुंध्यापाशी जाऊन बसतो आणि नीट बघतो, कारण तसे ठरावात लिहिले आहे.

आपल्या घरातल्या, गावातल्या जुन्या गोष्टीला तडा गेला, तर तिचे वय मोजण्याआधी आपण तिच्या पायाशी काय सोडले आहे, ते एकदा खणून पाहावे.