वेळसईच्या उतारावर हात का हलवत नाहीत

मघाशी तुम्ही पलीकडच्या काठावरच्या मित्रांना हात हलवलात आणि पाणी भरणाऱ्या आजीबाईंनी तुमचा हात खाली ओढला. त्यांचा राग मानू नका. वेळसईच्या या उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या या जागी, पात्रातला तो काळा खडक दिसतो तेवढ्या टापूत, कोणी कोणाला हात हलवत नाही. व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून ही हकीकत सांगायला मलाच पुढे करतात. माझ्याकडून ती नीट सांगितली जाते का, याची मला शंकाच असते.

फार पूर्वी इथे जिऊ नावाची बुरुडीण राहत होती, असे सांगतात. नवरा वारलेला. एकच मुलगी, आवडी, जन्मापासून बहिरी. आवडी हातवारे करू लागली की पाणवठ्यावरच्या बायका तिची नक्कल करून हसत. "जिऊ, तुझं माकड आज काय मागतंय गं?" शेजारची धुरपा विचारी. एक दिवस जिऊने मुलीचे दोन्ही हात धरून खाली केले. म्हणाली, "माझी लेक बोलंल. तुमच्यापरीस चांगलं बोलंल." त्या दिवसापासून त्यांच्या घरात हातवारे बंद झाले.

मग तिने एक भाषाच घडवली म्हणे. मुलीचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि बोलायचे. क, च, ट, प हे आवाज तळहाताला कळेनात, ते तिने टाकून दिले. ग, ज, ड, ब, म यांची थरथर कळे, ते ठेवले. 'बूम' म्हणजे भाकरी, 'डम्' म्हणजे बस, 'ग्वं' म्हणजे ये. क्रिया आधी, वस्तू मागून. होऊन गेलेले दोनदा म्हणायचे, व्हायचे ते लांबवायचे. माणसे दोनच, मी आणि तू. 'तो' आणि 'ती' यांना शब्दच नव्हते, कारण गळ्याला हात लावणारे तिसरे कोणी नव्हते. शास्त्र म्हणून हे कितपत टिकेल, मला सांगवत नाही. पण तिसऱ्या वर्षी आवडीने आईचा तळहात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "ग्वं." जिऊने त्या दिवशी तो हात पाण्यात घातला नाही, असे सांगतात.

त्या खडकाशी मायलेकी बांबूच्या कामट्या भिजत घालत. एका दुपारी जिऊने मुलीला तिथेच बसायला सांगितले आणि दुसरी मोळी आणायला ती काठावर आली. ऊन स्वच्छ होते. वर घाटात पाऊस होऊन गेला होता, तो इथे कोणाला दिसला नव्हता. घोट्याएवढे पाणी बघता बघता गुडघ्याला लागले. जिऊने काठावरून दोन्ही हात उंच करून हलवले. ये, निघून ये! आवडीने पाहिले. कित्येक वर्षांत तिने आईचे हात असे हललेले पाहिले नव्हते. आज आईने खेळायला मोकळीक दिली, असे तिला वाटले असावे. ती हसली आणि तिनेही दोन्ही हात हलवले. जागची मात्र उठली नाही, कारण बस म्हणून सांगितले होते.

जिऊ पाण्यात धावली तेव्हा ते छातीच्या वर गेले होते. पाण्याला आलेल्या धुरपाने कमरेला मिठी मारून तिला मागे ओढले. आवडी शेवटपर्यंत हात हलवत होती म्हणे.

पुढे जिऊ आपलाच हात आपल्या गळ्यावर ठेवून बसे आणि प्रत्येक शब्द दोनदा म्हणे. एके दिवशी धुरपा तिच्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "मला शिकव गं. मी हसले व्हते." जिऊने तिचा हात घेऊन आपल्या गळ्यावर ठेवला आणि एकच शब्द शिकवला. बाकीची भाषा जिऊबरोबर गेली.

आजही वेळसईतून कोणी परगावी निघाले की घरची माणसे या उतारापर्यंत येतात. जाणाऱ्याचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवून 'ग्वं' म्हणतात. मग तो पलीकडे पोहोचेपर्यंत काठावर उभी राहतात, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.