बोहारणीच्या गाठोड्यातला हात

एकदा काय झालं, एका गावात आवडाबाई नावाची म्हातारी राहायची. घरात ती आणि तिची नात मंजी. भिंतीपलीकडे एक शेजारीण, सदा कान लावून बसलेली. हसू नका, शेजारणी असतातच तशा.

आवडाबाईच्या हातांवर तपकिरी डाग होते. मंजी झोपताना ते मोजायची. ही मुंगी, हा मसूर, हा हत्ती. मानेवर चामखीळ होती. ती दाबली की दिवा मालवला असं समजायचं. मग कोपराची सैल कातडी चिमटीत धरायची, आजी थप थप थोपटायची, की मंजीला झोप. त्याशिवाय नाहीच.

पण आवडाबाई वैतागलेली. "काय मेलं हे कातडं! सारखी खाज, आणि जरा दाराला घासलं की रक्त!"

मग एका दुपारी बोहारीण आली. आपली नेहमीची नव्हे, बरं का. हिच्या टोपलीतली भांडी वाजत नव्हती. आणि भर उन्हात हिला सावली नव्हती.

"जुनं द्या, नवं घ्या!"

"जुनेर नाही गं घरात."

"लुगडी नकोत, आजी. हातावरचे डाग द्या, वाटी देते. फाटकं मात्र घेत नाही. फाटकं निघालं तर सौदा मोडला, सगळं परत."

आवडाबाईनं हात पुढे केले. बोहारणीनं पीठ झटकावं तसे डाग झटकले आणि गाठोड्यात बांधले. त्या रात्री मंजीला मुंगी सापडली नाही.

दुसऱ्या दुपारी चामखीळ गेली, तांब्या आला. दिवा काही मालवेना.

तिसऱ्या दुपारी बोहारीण म्हणाली, "आता हातांचं कातडंच द्या. हंडा देते."

"चांगला मोठा हवा हं!"

चोळीची बाही उतरवावी तसं बोहारणीनं कातडं उतरवलं. इतकं जुनं, इतकं मऊ! बोहारीण हरखली, उजेडात धरून बघायचं विसरली. गाठोडं उचललं आणि निघाली.

आवडाबाईचे हात लखलखीत झाले. पण भांड्यासारखे गार. दोन रात्रींच्या जागरणानं मंजी तिथंच पेंगली होती. ती जागी झाली, आजीला हात लावला आणि किंचाळली, "ही आजी नाही!"

मग काय ऐकू आलं? गाठोड्यातून. थप थप. थप थप.

मंजी उठली आणि त्या आवाजामागे चालू लागली. डोळे मिटलेले. आवडाबाईनं धरायला हात टाकला, तर गुळगुळीत हातातून पोर निसटली. थप थप. वेस दहा पावलांवर आली.

तेवढ्यात शेजारीण भिंतीवरून ओरडली, "अगं आवडाबाई, परवा कोपरापाशी कडीला लागून फाटलं नव्हतं का? दाखव तिला!"

"फाटकं आहे गं!" आवडाबाई धावली. "उजेडात धर!"

बोहारणीनं कातडं उन्हात धरलं. कोपरापाशी तांदळाएवढं भोक. त्यातून ऊन आलं, ते नेमकं तिच्या डोळ्यात.

"फसवलंस म्हातारे!" गाठोडं तिथंच टाकून, हंडा, तांब्या, वाटी घेऊन ती गेली. मातीत पाऊल उमटलं नाही.

मग शेजारणीनं आणि आवडाबाईनं मिळून गाठोडं सोडलं, डाग आणि चामखीळ जागच्या जागी चिकटवली, कातडं चढवलं. घाईत जरा तिरकं बसलं. मुंगी मनगटावरची, ती अंगठ्यावर गेली. मंजीनं शोधून काढली, चामखीळ दाबली, कोपर चिमटीत धरलं आणि घोरायला लागली.

आवडाबाई रोज आंघोळीनंतर हातांना खोबरेल लावू लागली. एखादा डाग वाढला, रंग बदलला, तर डॉक्टरला दाखवायचा, बोहारणीला नाही, एवढं तिला कळलं.

झाली गोष्ट. आवडाबाई सुखात, मंजी सुखात. आता जा आपापल्या आजीच्या कुशीत. कोपर हळूच धरा बरं, पातळ असतं. आणि थोपटण्याचा आवाज गादीवरूनच येतोय ना, गाठोड्यातून नाही, तेवढं बघा. मिटा डोळे.