यमनाक्काची मूठ आणि धुळाप्पाचा कळक

या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त साल कुणाला ठाऊक नाही, नावांवरून दोन भावक्या अजून भांडतात, आणि शेवटचा चमत्कार पाहणाऱ्या दोघांतल्या एकाला लांबचं दिसत नव्हतं, दुसऱ्याला जवळचं. बाकी सगळं खरं.

तर लई वर्षांमागं हिंगणवाडीत यमनाक्का नावाची सुईण होती. पोटात पोर आडवं असलं, की ती तेलाचा तळवा पोटावरून फिरवायची आणि पोर शहाण्यासारखं सरळ व्हायचं. जीभ मात्र तिखट. असं म्हणतात, की काही पोरं तिच्या शिव्यांना भिऊनच बाहेर यायची.

एक दिवस उकळत्या पाण्याचा हंडा तिच्या उजव्या हातावर कलंडला. जखम भरली, पण कातडी आखडत गेली आणि बोटं तळव्यात मिटली ती मिटलीच. त्यातच तिची लेक गौरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पाचवा महिना. गौरा स्वतः जन्मताना आडवी होती.

"तुझं पोर तुझ्यावर गेलं तर फिरवू कशानं गं? कोपरानं?" यमनाक्का हसून म्हणायची, आणि चुलीकडं तोंड करून डोळे पुसायची. पोर फिरवणारी दुसरी सुईण पंचक्रोशीत नव्हती.

बाजारातला वैद्य म्हणाला, "कातडी कापावी लागेल."

"आधी तुझी काप. जमतंय का बघू," असं सांगून ती उठली आणि धुळाप्पा बुरडाच्या दारात गेली.

धुळाप्पा बांबूची टोपली विणत होता. त्यानं तिचा हात कळक पारखावा तसा उलटापालटा करून पाहिला.

"चाकू कशाला, अक्का? कळक वाकडा निघाला तर मी तोडतो का? शेकतो, तेल लावतो, जरासा ताणतो, बांधतो आणि गप बसतो."

"मी काय कळक आहे व्हय रं?"

"कळक बरा. बोलत नाही."

मग रोज सकाळी गरम कोंड्याच्या पुरचुंडीनं शेकायचं, तेल चोळायचं, बोटं हळूहळू उकलायची आणि मुठीत कळकाची गुळगुळीत कांडी देऊन वर फडकं बांधायचं. पहिली कांडी ज्वारीच्या धाटाएवढी बारीक. दर आठवड्याला नवी, केसभर जाड.

सातव्या महिन्यात यमनाक्काचा धीर सुटला. पुढच्या महिन्यासाठी तासून ठेवलेली जाड कांडी तिनं गुपचूप उचलली आणि मुठीत कोंबली. कातडी चिरली, हात सुजला, मूठ परत घट्ट मिटली.

"घाईनं ताणलेला कळक तडकला तर मी चुलीत घालतो," धुळाप्पा म्हणाला. "तुला कुठं घालू?"

त्या दिवशी यमनाक्का पहिल्यांदा उलटून बोलली नाही. असं म्हणतात, की गाव ते बघायला गोळा झालं होतं. चीर भरेपर्यंत धुळाप्पा थांबला आणि ज्वारीच्या धाटाएवढ्या कांडीपासून पुन्हा सुरू झाला.

नववा भरला. गौराला कळा लागल्या. पोर आडवं! यमनाक्कानं दातानं फडकं सोडलं. आणि असं म्हणतात, की आतल्या सुक्या कांडीला हिरवी पालवी फुटली होती. कांडी खाली पडली आणि पाची बोटं सुपासारखी पसरली. तिनं तेलाचा तळवा लेकीच्या पोटावर ठेवला, सावकाश फिरवला, जराही घाई केली नाही. पोर वळलं, सरळ आलं आणि ट्यांहा ट्यांहा बेंबटलं. गौरा दमून हसली. यमनाक्का भिंतीला टेकून आपलाच हात उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती.

ती कांडी ओढ्याकाठी लावली. तिथं आज कळकाचं बेट आहे. हिंगणवाडीत अजून पाचवीला बाळ घालायचं ते त्याच बेटातल्या कळकाच्या सुपात, आणि घालताना घरातली म्हातारी म्हणते, "निम्मं धुळाप्पाचं."

कारण त्या दिवशी धुळाप्पा उंबऱ्याबाहेरून ओरडला होता, "अक्का, हात मी सरळ केलाय! आता तुझ्या हातून येईल ते पोर निम्मं माझं!"

यमनाक्कानं नातवाला पुसता पुसता आतूनच विचारलं, "वरचं का खालचं? खालचं घेणार असशील तर ये आत्ताच, दुपटं धुवायला झालंय."