मंदारचं लवचीक सेशन

"पण बाई, उघडं कनेक्शन बंद केलं, यात माझी चूक काय?"

मंदार सावेचा आवाज चढला होता. घाबरला की त्याचा चढतोच. मी शेजारी बसून नुसताच घाम पुसत होतो.

डेटाबेसचं काम आम्हा दोघांना रेगेबाईंनीच शिकवलेलं. मंदारने डेटाबेसशी बोलणारं टूलकिट लिहिलं आणि ते एका रक्तपेढीत बसवलं. त्या सकाळी तिथे रक्त जुळवून न बघताच काही पिशव्या पडद्यावर 'तयार' दिसायला लागल्या. नर्सने एक वेळीच पकडली म्हणून ठीक. आम्ही धावत बाईंचं घर गाठलं.

"कनेक्शन उघडतं कोण?" बाईंनी विचारलं.

"टूलकिट उघडतं. नाहीतर बाहेरचा प्रोग्राम स्वतःचं आणून देतो. एकदम लवचीक आहे, बाई!"

"आणि बंद कोण करतं?"

"माझं सेशन, म्हणजे टूलकिटचा एका कामापुरता चालणारा भाग. आपलं काम झालं की नोंदी पक्क्या, कनेक्शन बंद. मागे पसारा नाही."

"दुसऱ्याने दिलेलं असलं तरी?"

"हो... काम झालेलं असतं ना!"

"आणि त्याचं रक्त जुळवून बघणं बाकी असेल तर? तू त्याच्या अर्धवट नोंदी पक्क्या केल्यास," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मोबाइलवरून रक्तपेढीला फोन लावला. फोन सुनंदाने घेतला, तिथली तंत्रज्ञ.

"सुनंदा, नीट ऐक. पडद्यावर 'तयार' दिसेल ती पिशवी... एक मिनिट हं. मंदार, अशा किती झाल्या ते तिच्याकडून लिहून घे, मी चष्मा आणते."

मंदारने विचारलं, लिहिलं, "थँक्यू मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

बाई चष्मा पुसत आल्या. "दे इकडे."

"ठेवला, बाई. तीन आहेत. दोन परत आल्यात."

"तिसरी?"

"ऑपरेशन थिएटरचा माणूस न्यायला आलाय म्हणाल्या..."

'तयार' दिसेल ती पिशवी... सुनंदाने एवढंच ऐकलं होतं.

बाईंनी फोन हिसकावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंना घाबरलेलं पाहिलं.

चौथ्यांदा लागला.

"देऊ नकोस! सुनंदा, ती पिशवी देऊ नकोस!"

"अहो, आत्ताच नेली की त्याने..."

"धाव!"

पलीकडे रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला. मग पावलं. मग काहीच नाही. किती वेळ गेला, देव जाणे.

"...थांबवली, बाई. लिफ्टपाशी गाठला."

बाईंनी डोळे मिटले. फोन कानाला तसाच होता.

मंदारला रडूच फुटलं. "मला वाटलं, बोलणं झालं..."

"तुझं झालं होतं," बाई म्हणाल्या. "फोन मी लावला होता."