शिंजीचा कापूस

चैत्र महिना. डोंगरातली खोल घळ. पळस लालेलाल.

तिथे राहायची शिंजी. अंगठ्याएवढं पाखरू! तिचं घरटं होत आलं होतं. आत फक्त मऊ मऊ कापूस घालायचा होता. अंडं तर आजच येणार होतं!

सावरीचा कापूस चोचीत धरून शिंजी निघाली. भुर्र भुर्र!

मध्येच आली शिंक. आँऽऽक् छी!

कापूस पडला. खडकाच्या फटीत शिरला. शिंजीची चोच पुरेना.

भुर्र भुर्र, गेली खारीकडे.

"खारूताई, खारूताई, कापूस काढ ना!
माझं घरटं होईना!"

"छे गं! मला भूक लागलीय. आधी उंबर आण."

भुर्र भुर्र, गेली उंबराच्या झाडाकडे.

"झाडदादा, झाडदादा, उंबर टाक ना!
खार कापूस काढेना,
माझं घरटं होईना!"

"छे गं! फांदी हलली तर उंबर पडेल. आधी वाऱ्याला सांग."

वारा घळीत झोपला होता. घुर्रर्र!

"वारोबा, वारोबा, फांदी हलव ना!
झाड उंबर टाकेना,
खार कापूस काढेना,
माझं घरटं होईना!"

"छे गं! कस्तुर पक्ष्याची शीळ ऐकली, की मगच उठेन."

भुर्र भुर्र, गेली ओढ्याकाठी. निळा निळा कस्तुर दगडाआड लपला होता.

"कस्तुरमामा, कस्तुरमामा, शीळ घाल ना!
वारा फांदी हलवेना,
झाड उंबर टाकेना,
खार कापूस काढेना,
माझं घरटं होईना!"

"छे गं! ती मुलगी बघ, केवढी ओरडतेय! ती गप्प बसली, तर शीळ घालीन."

ती होती वेणू. बाबांबरोबर पक्षी बघायला आली होती.

"बाबा, पक्षी कुठाय? कुठाय? कुठाय?"

शिंजीला माणसांची फार भीती. छातीत धडधड धडधड! तरी गेली. अगदी जवळच्या फांदीवर बसली.

"छकुले, छकुले, गप्प बस ना!
कस्तुर शीळ घालेना,
वारा फांदी हलवेना,
झाड उंबर टाकेना,
खार कापूस काढेना,
माझं घरटं होईना!"

वेणूनं वर पाहिलं. "अय्या! बाबा, श्शू! पाखरू बोलतंय!"

वेणू खाली बसली. तोंडावर बोट. हलली नाही की बोलली नाही.

मग काय!

कस्तुरानं शीळ घातली. सुईऽऽ!
वारा उठला. सूं सूं!
फांदी हलली. सळसळ!
उंबर पडलं. टप्प!
खारीनं खाल्लं. कुटुर कुटुर!
खार फटीत घुसली. सर्रर्र!
आणि कापूस आला बाहेर!

"घे गं शिंजे!"

शिंजीनं गादी केली. मऊ मऊ, गुबगुबीत. थोड्या वेळानं त्यात होतं एक अंडं. एवढुस्सं!

शिंजी पिसं फुगवून त्यावर बसली. तिला ऊब आली, अंड्याला ऊब आली, गोष्ट घरट्यात निजली.