चिमी आणि ढिला बोल्ट

डोंगरावरच्या एका गावात एक उंदराचं पिल्लू होतं. एवढंसं. चिंचोक्याहून जरासं मोठं. तिचं नाव चिमी.

चिमी राहायची सोपानमामाच्या अंगणात. अंगणात मामाची जीप होती. आणि घरात होती रेवू. मामाची छोटी भाची, चिमीची मोठी मैत्रीण.

दसऱ्याचा दिवस होता. रेवूने चिमीला खोबऱ्याचा तुकडा दिला. चिमी जीपच्या मागे बसून खाऊ लागली. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

मामा जीप मागे घेत होता. त्याने ब्रेक दाबला.

जीप थांबली का? नाही थांबली!

खुळखुळ खुळखुळ... घर्रर्र... धप्प!

मग थांबली. खोबरं गेलं चाकाखाली. त्याचा झाला भुगा. चिमीची शेपटी थोडक्यात वाचली.

चिमी हळूच चाकाच्या आत डोकावली. आत होता ब्रेकचा चिमटा. मोठी माणसं त्याला कॅलिपर म्हणतात. चिमटा घट्ट धरतो, तेव्हा चाक थांबतं. पण चिमट्याचा बोल्ट होता ढिला. खुळखुळ खुळखुळ!

बाई गं! आता रेवू या जीपमध्ये बसणार. सगळा घाट उतरून जाणार, खालच्या गावात आपट्याचं सोनं वाटायला. केवढा तो उतार! केवढी ती दरी! चिमटा गळून पडला तर?

चिमी म्हणाली, "बोल्टा बोल्टा, घट्ट बस ना."

बोल्ट म्हणाला, "मी नाही बसणार. पाना फिरेल, तर बसेन."

चिमी गेली पान्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

पाना होता पाटावर. दसऱ्याची पूजा ना! मामाची सगळी हत्यारं पाटावर मांडलेली. पान्याला हळद, पान्याला कुंकू, पान्यावर झेंडूचं फूल.

"पान्या पान्या, फिर ना.
बोल्ट बसेना, खुळखुळ थांबेना.
रेवू बसेल गाडीत, उतार येईल वाटेत.
मला भीती वाटते!"

पाना म्हणाला, "मी नाही फिरणार. आज माझी पूजा. मामा उचलेल, तर फिरेन."

चिमी गेली मामाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मामा मामा, पाना उचल ना.
पाना फिरेना,
बोल्ट बसेना, खुळखुळ थांबेना.
रेवू बसेल गाडीत, उतार येईल वाटेत.
मला भीती वाटते!"

मामा जीपला हार घालत होता. म्हणाला, "गाडी धुतली. हार घातला. लिंबू-मिरची बांधली. आता काय होतंय गाडीला? पूजेतला पाना आज उचलत नाहीत. मी नाही उचलणार. आक्का सांगेल, तर उचलेन."

मोठ्या माणसांचं हे असंच. लिंबू बांधायला वेळ असतो, बोल्ट बघायला नसतो.

चिमी गेली आक्काकडे. आक्का म्हणजे मामाची आई. तुरु तुरु, तुरु तुरु.

"आक्का आक्का, मामाला सांग ना.
मामा उचलेना, पाना फिरेना,
बोल्ट बसेना, खुळखुळ थांबेना.
रेवू बसेल गाडीत, उतार येईल वाटेत.
मला भीती वाटते!"

आक्का म्हणाली, "छे छे! मांडलेली पूजा मोडायची होय? आमच्याकडे नारळ फुटतो संध्याकाळी, सोनं वाटून आल्यावर. मी नाही सांगणार. नारळ फुटेल, तर सांगेन."

चिमी गेली नारळाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. नारळ बसला होता पाटाच्या कडेला. शेंडी वर करून.

"नारळा नारळा, फूट ना.
आक्का सांगेना, मामा उचलेना, पाना फिरेना,
बोल्ट बसेना, खुळखुळ थांबेना.
रेवू बसेल गाडीत, उतार येईल वाटेत.
मला भीती वाटते!"

नारळ म्हणाला, "मी नाही फुटणार. मला कोण ढकलणार? भुऱ्या धावेल, तर फुटेन."

भुऱ्या म्हणजे कुत्रा. पाटाच्या मागेच झोपला होता. चिमी गेली भुऱ्याकडे. जरा लांबच उभी राहिली.

"भुऱ्या भुऱ्या, धाव ना.
नारळ फुटेना, आक्का सांगेना, मामा उचलेना, पाना फिरेना,
बोल्ट बसेना, खुळखुळ थांबेना.
रेवू बसेल गाडीत, उतार येईल वाटेत.
मला भीती वाटते!"

भुऱ्याने एक डोळा उघडला. "मी नाही धावणार. ऊन छान आहे. बोका पळेल, तर धावेन."

बोका!

बोका बसला होता ओट्यावर. मिशा साफ करत होता.

तेवढ्यात मामाने हाक मारली, "चला चला, निघायचं!" चाकांखाली लिंबं ठेवली. रेवू नवा फ्रॉक घालून आली. जीपमध्ये चढली. पुढेच बसली!

चिमी गेली बोक्याकडे. तुरु... तुरु... तुरु...

"बोकोबा बोकोबा, पळ ना.
भुऱ्या धावेना, नारळ फुटेना, आक्का सांगेना, मामा उचलेना, पाना फिरेना,
बोल्ट बसेना, खुळखुळ थांबेना.
रेवू बसेल... नाही, रेवू बसली गाडीत! उतार येईल वाटेत.
मला भीती वाटते!"

बोक्याने जिभल्या चाटल्या. डोळे बारीक केले. हळूच म्हणाला, "मी नाही पळणार. उंदीर पळेल, तर पळेन."

उंदीर? उंदीर कुठे आहे? चिमीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

उंदीर म्हणजे तीच की!

घुर्रर्र! जीप सुरू झाली.

चिमीला रडू आलं. बोका केवढा! चिमी केवढी! पण रेवू बसली होती गाडीत.

चिमीने डोळे मिटले. शेपटी उचलली. आणि बोक्याच्या नाकासमोरून पळाली!

तुरु तुरु तुरु तुरु!

चिमी पळाली, तसा बोका पळाला. सर्रर्र!
बोका पळाला, तसा भुऱ्या धावला. भौ भौ भौ!
भुऱ्या धावला, तसा पाट हलला. नारळ घरंगळला, पायरीवर आपटला. फट्ट!
नारळ फुटला, तशी आक्का आली. "अगंबाई! फुटला की नारळ! झाली म्हणायची पूजा. सोपान, आधी उतर खाली. पाना उचल. ती एवढीशी उंदरी काय सांगते, ते बघ तरी!"
आक्काने सांगितलं, तसा मामाने पाना उचलला.
मामाने उचलला, तसा पाना फिरला. कर्र... कर्र... कर्र...
पाना फिरला, तसा बोल्ट बसला. घट्ट!

खुळखुळ थांबली.

मामा मात्र चाकाजवळ बसूनच राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. "आई, हा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता गं. आणि मी पोरीला घेऊन घाट उतरणार होतो."

मग मामाने सगळी चाकं पाहिली. सगळे बोल्ट पाहिले. एकही सोडला नाही.

बोका गेला झाडावर. भुऱ्या बसला झाडाखाली. आणि चिमी? ती बसली होती आक्काच्या पदराआड. छातीत धडधड, धडधड!

रेवूने तिला नारळाचा मोठ्ठा तुकडा दिला. चिमीहूनही मोठा.

जीप निघाली. लिंबं फुटली, फच्च फच्च. उतार आला. वळण आलं. खाली खोल खोल दरी! रेवूने डोळे घट्ट मिटले. मामाने ब्रेक दाबला.

जीप थांबली का?

थांबली! जिथल्या तिथे थांबली.

तेव्हापासून दसऱ्याला मामाचा पाना आधी चाकांपाशी जातो. मग पाटावर बसतो. मगच त्याला फूल मिळतं.

खोबरं गेलं चिमीच्या पोटात,
गोष्ट राहिली तुमच्या ओठात.